मामाची कॅसेट : तुमचे जुने आवडते फ्रेंच आणि ब्रिटिश पॉप गायक कोणते?

कॅसेटवाली

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं, परवा रत्नागिरीच्या घरी माळा आवरताना निमित्त सापडलं. ट्रंकेत जुन्या गोधड्यांच्या खाली मामाची कॅसेट. टीडीकेची, नव्वद मिनिटांची, डबीचं झाकण एका बाजूने तुटलेलं, आणि लेबलवर निळ्या बॉलपेनने एका अंगाला 'लिव्हरपूल' आणि दुसऱ्या अंगाला 'मार्सेय' इतकंच. मामा मर्चंट नेव्हीत होता, ज्या बंदरात गाणी भरून घेतली त्याचं नाव लिहून मोकळा झाला, गायकांची नावं नाहीत की काही नाही.

१९८१ च्या मे महिन्यात तो सुट्टीवर आला तेव्हा टेपरेकॉर्डर आणि ही कॅसेट दोन्ही घेऊन आला. मी नऊ वर्षांची. पडवीत आंब्याची आढी घालायचं काम चाललेलं, खाली पेंढा, त्यावर आंबे, वर परत पेंढा, आणि कोपऱ्यात हा टेप सुरू. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून, म्हणजे मला तेव्हा इंग्रजीही येत नव्हतं आणि फ्रेंच नावाची भाषा असते हेही माहीत नव्हतं, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच अनोळखी आणि सारख्याच लाडक्या. आजी म्हणायची, काय म्हणतेय कळत नाही गो, पण बाई जीव तोडून गातेय. ती बाई म्हणजे एदीथ पियाफ हे मला पुढे पंधरा वर्षांनी कळलं.

गाणं होतं 'नों, ज न रग्रेत रियां', मला कशाचाच पश्चात्ताप नाही असं म्हणणारं. १९६० सालचं. पियाफ तेव्हा पंचेचाळिशीच्या घरातली पण आजारपणांनी पार खंगलेली, उंची जेमतेम १४७ सेंटिमीटर, आणि पॅरिसचं ऑलिंपिया थिएटर कर्जात बुडायला आलेलं असताना तिने तिथे कार्यक्रम करून ते वाचवलं. १९६३ मध्ये गेलीच. पियाफ म्हणजे पॅरिसच्या बोलीत चिमणी. त्या गाण्यातला तो घशातून घासून येणारा 'र' ऐका, मी आणि माझा मावसभाऊ आंबे पुसता पुसता तो 'र' काढायचा प्रयत्न करत बसायचो.

लिव्हरपूलच्या बाजूला क्लिफ रिचर्ड, एंगलबर्ट हम्परडिंक, डस्टी स्प्रिंगफील्ड आणि मेरी हॉपकिनचं 'दोज वेअर द डेज'. मार्सेयच्या बाजूला पियाफ, शार्ल अझनावूर, जो दासें, आणि सगळ्यात शेवटी एक बाई जिचं गाणं अर्ध्यात तुटतं कारण टेपच संपते. चव्वेचाळीस वर्षं झाली, ते गाणं कुठलं ते मला अजून माहीत नाही. आवाज अगदी शांत, जवळ बसून कुणी सांगावं तसा, मागे ट्रम्पेट, आणि ओळी सारख्या 'एक्स' 'एक्स' अशा आवाजावर येऊन थांबतात. मधेच ती गाणं सोडून चक्क बोलायला लागते. कुणाला ओळखता आलं तर फार उपकार होतील. आणि तुमच्या आवडीचे फ्रेंच, ब्रिटिश गायक इथे लिहा, कशामुळे आवडले तेही लिहा.

जुना_रेडिओ

वा, काय विषय काढलास. तुझ्या लिव्हरपूलच्या बाजूची पहिली दोन नावं म्हणजे आपल्याच मातीतली माणसं हे लक्षात आलं का? क्लिफ रिचर्ड जन्मला लखनौला, १४ ऑक्टोबर १९४०, मूळ नाव हॅरी वेब, आणि १९४८ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं. एंगलबर्ट हम्परडिंक १९३६ मध्ये मद्रासला जन्मला, खरं नाव आर्नल्ड जॉर्ज डॉर्सी, वडील ब्रिटिश सैन्यात. दोघं भारतातून गेलेली पोरं आणि दोघांनी तिकडे जाऊन राज्य केलं. १९६७ मध्ये बीटल्सचं 'पेनी लेन' दुसऱ्या नंबरावर अडकलं ते एंगलबर्टच्या 'रिलीज मी'मुळे, सहा आठवडे हा गडी पहिल्या जागेवरून हललाच नाही.

आमच्या गिरगावच्या चाळीत एकच मर्फीचा रेडिओ होता गॅलरीच्या टोकाच्या खोलीत. रात्री सगळे झोपल्यावर शेजारचा दादा आवाज बारीक करून सिलोनवर इंग्रजी गाणी लावायचा आणि मी दाराच्या फटीशी कान लावून उभा. शॉर्टवेव्हची ती लाटेसारखी येणारी जाणारी खरखर, त्यातून मधेच क्लिफचा आवाज स्वच्छ यायचा आणि परत बुडायचा. आज मोबाइलवर तेच गाणं एकदम चकचकीत ऐकू येतं आणि मला काहीतरी कमी वाटतं, ती खरखर माझ्यासाठी त्या गाण्याचाच भाग झालीय.

डस्टीबद्दल एक सांगायलाच हवं. १९६४ मध्ये ती दक्षिण आफ्रिकेत दौऱ्यावर गेली आणि गोरे काळे वेगळे बसवाल तर गाणार नाही म्हणाली, सरकारने तिला देशाबाहेर काढलं. पंचविशीतली मुलगी होती हो. 'यू डोन्ट हॅव टू से यू लव्ह मी' ऐकताना मला नेहमी हे आठवतं, त्या आवाजात जो कणखरपणा आहे तो नुसता गळ्यातून आलेला नाही.

तुझं शेवटचं गाणं मात्र मला नाही सांगता येणार, फ्रेंचमध्ये आमची गाडी पियाफपाशीच थांबते.

पाचगणीचा_वारा

भारतातून गेलेल्यांचा विषय निघाला आणि 'क्वीन' बँडच्या फ्रेडी मर्क्युरीचं नाव नाही असं कसं चालेल! फारोख बल्सारा, जन्म झांझिबारचा, १९४६, पण शाळा आमच्या पाचगणीची, सेंट पीटर्स. आठ वर्षांचा असताना बोटीने प्रवास करून बोर्डिंगला आला, पियानो तिथे शिकला, आणि बाराव्या वर्षी शाळेतल्या चार मित्रांना घेऊन 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर १३ जुलै १९८५ ला 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या कार्यक्रमात सत्तर हजारांवर माणसांना एका हाताच्या इशाऱ्यावर टाळ्या वाजवायला लावणारा माणूस लहानपणी आमच्या टेबललँडच्या वाऱ्यात वावरलाय हे मला अजून कुणाला सांगताना अंगावर काटा येतो.

मी स्वतः गावातल्या मराठी शाळेत शिकलो. बोर्डिंग शाळांच्या कंपाउंडच्या बाहेरून जाताना आतून पियानो ऐकू यायचा, ८६-८७ ची गोष्ट, तेव्हा फ्रेडी कोण हेच माहीत नव्हतं. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पहिल्यांदा ऐकलं ते कॉलेजला साताऱ्याला आल्यावर, रूममेटच्या वॉकमनवर, एक कानातलं त्याच्या कानात आणि एक माझ्या. सहा मिनिटांच्या गाण्यात कोरस कुठे, ऑपेरा कुठे, गिटार कुठे, मला वाटलं कॅसेट बदलली की काय मधे. १९७५ मध्ये ते तिकडे नऊ आठवडे पहिलं होतं. आता महाबळेश्वरला जाणारे पाहुणे स्ट्रॉबेरी विचारतात, मी त्यांना आधी ती शाळा दाखवतो.

लिऑनची_माहेरवाशीण

कॅसेटवाली, ताई, सापडलं तुमचं गाणं! 'एक्स' वाचल्या वाचल्या ओळखलं. ते फ्रान्स्वाज आर्दीचं 'कोमां त दीर आद्यू', १९६८. म्हणजे 'तुला निरोप कसा देऊ'. शब्द सर्ज गेन्सबूरचे, आणि त्याने मुद्दाम सगळी यमकं 'एक्स'वर जुळवलीत, सिलेक्स म्हणजे गारगोटी, पायरेक्स, अगदी क्लीनेक्ससुद्धा. माझं काळीज गारगोटीचं, लगेच ठिणगी पडते, तुझं पायरेक्सचं, आगीत टाकलं तरी ढिम्म, असा अर्थ. रडणं लपवायला ती रुमाल नाही म्हणत, क्लीनेक्स म्हणते, आणि इतकं रोजच्या वापरातलं नाव त्या गाण्यात आल्यामुळेच ते जास्त लागतं.

आणि गंमत म्हणजे ते मूळ गाणं इंग्रजी आहे! 'इट हर्ट्स टू से गुडबाय'. ब्रिटनची व्हेरा लिन, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी गाणारी, तिनेसुद्धा ते १९६७ मध्ये गायलंय. आर्दीने त्याची नुसती वाजवलेली धून ऐकली, आवडली, आणि गेन्सबूरकडून फ्रेंच शब्द लिहून घेतले. पुढे १९८९ मध्ये जिमी सोमरव्हिलने हे फ्रेंच गाणंच परत ब्रिटनमध्ये नेलं.

आर्दी माझी अतिशय लाडकी. १९६२ मध्ये अठरा वर्षांची असताना 'तू ले गार्सों ए ले फीय' आलं, माझ्या वयाची सगळी मुलंमुली हातात हात घालून फिरतात आणि मी एकटीच रस्त्याने चाललेय असं सांगणारं. तेव्हा तिकडे 'येये'ची लाट होती, इंग्रजीतल्या 'ये ये'वरून पडलेलं नाव, सिल्व्ही व्हार्तां, फ्रान्स गाल, जॉनी अलिदे सगळे उड्या मारत गात होते, आणि ही मुलगी गिटार घेऊन शांत उभी. स्वतःची गाणी स्वतः लिहायची, तेव्हाच्या मुलींमध्ये हे फार थोड्यांनी केलं. तिच्या बऱ्याच रेकॉर्ड लंडनच्या स्टुडिओत झाल्यात.

मी लिऑनला २००९ मध्ये आले, लग्नानंतर तीन महिन्यांत. नवरा दिवसभर लॅबमध्ये, मला बोंजूरपुढे काही येत नाही. घरमालकीणबाई सत्तरीच्या, स्वयंपाकघराच्या खिडकीत रेडिओ, त्यावर कायम नोस्टाल्जी स्टेशन, ते मूळचं लिऑनमध्येच सुरू झालेलं. एक दिवस त्यांनी मला हाक मारून समोर फरसबी ठेवली. दोघी शेंगांची टोकं मोडत बसलो आणि रेडिओवर आर्दीचं हे 'तू ले गार्सों' लागलं. त्या एकेक ओळ म्हणायच्या, थांबायच्या, माझ्याकडे बघायच्या, मी म्हणायची. शेंगा संपेपर्यंत मला पहिलं कडवं पाठ झालं होतं. माझं पहिलं सलग फ्रेंच वाक्य ते, आणि तेही 'मी एकटीच चाललेय' या अर्थाचं, खरंच तेव्हा तसंच होतं. ११ जून २०२४ ला आर्दी गेली तेव्हा मी सगळ्यात आधी त्यांना फोन केला. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही, मग त्यांनीच पहिली ओळ म्हटली.

तांबडी_जास्वंद

ताई काय लिहिलंयस 🙏 डोळ्यांत पाणी आलं.

मी पुण्याची, अकरावी-बारावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलेल्या हजारोंपैकी एक. मार्क मिळाले, भाषा उडाली, पण बाईंनी शिकवलेलं 'शांझेलीझे' उरलं. जो दासेंचं, १९६९. पूर्ण वर्ग बाकं वाजवत म्हणायचा. आणि वरचं वाचून सांगावंसं वाटतंय की तेही मूळचं लंडनचंच हो! जेसन क्रेस्ट नावाच्या ब्रिटिश बँडचं 'वॉटर्लू रोड' होतं, लंडनच्या एका साध्या रस्त्यावरचं, १९६८ मध्ये आलं आणि चाललं नाही. पिएर दलानोएने त्याला फ्रेंच शब्द घातले, वॉटर्लू रोडचा शांझेलीझे झाला, आणि आता ते पॅरिसचंच गाणं म्हणून जगभर ओळखतात. दासें स्वतः न्यूयॉर्कला जन्मलेला, १९८० मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी गेला बिचारा.

अनुनासिकांचं पण सांगते. वर्गातल्या बाकीच्यांना 'ओं' 'आं' जमायचं नाही आणि बाई मला उभं करायच्या कारण आमचं घर मालवणकडचं, आमच्याकडे नाकातून बोलणं जन्मतःच येतं.

संत्रानगरी

नागपूरहून हजेरी. तुम्ही सगळे फार वरच्या दर्जाचं ऐकत होते बाप्पा, आम्ही गणपतीच्या मांडवात ऐकलेलं सांगतो. ओटावान! फ्रेंच जोडी, 'डिस्को' आणि 'हँड्स अप'वाले. लाउडस्पीकरवर 'डी आय एस सी ओ' सुरू झालं की आमच्या गल्लीतली सगळी पोरं अक्षरं ओरडायची, माझ्या लहान भावाला एबीसीडीच्या आधी ही पाच अक्षरं येत होती. त्यांचंच 'तेज ओके' नावाचं फ्रेंच गाणं ऐका, पहिल्या दहा सेकंदांत तुम्ही 'जिमी जिमी जिमी आजा' म्हणायला लागाल. १९८२ च्या 'डिस्को डान्सर'मधलं ते तिथूनच घेतलेलं. आणि त्याच सिनेमातलं 'कोई यहाँ नाचे नाचे' हे बगल्स या ब्रिटिश जोडीच्या 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार'वरून. म्हणजे एकाच सिनेमात फ्रान्स पण आलं अन् ब्रिटन पण.

मला हे मोठं झाल्यावर कळलं तेव्हा आधी राग आला होता, चोरी वाटली होती, अन् ज्यांची चाल त्यांचं नाव पडद्यावर पाहिजेच होतं हे माझं मत अजून पक्कं आहे. पण पार्वती खानच्या आवाजातलं जिमी माझ्या लहानपणातून कोणी काढू शकत नाही, ते माझ्यासाठी मूळच आहे. ओटावानच्या मागचा संगीतकार दान्येल व्हांगार्द, त्याचा मुलगा म्हणजे डॅफ्ट पंक या फ्रेंच जोडीतला तोमा बांगाल्तेर. माझी मुलगी डॅफ्ट पंक ऐकते. मी तिला बापाचं ऐकवलं तर म्हणते बाबा हे तर आपलंच आहे.

एफ. आर. डेव्हिडचं 'वर्ड्स' पण लिहून ठेवतो इथे, १९८२, फ्रेंच गायक पण गाणं इंग्रजीत. त्या काळात नागपुरात प्रेमपत्र लिहिणाऱ्या प्रत्येकानं ते ऐकलं असेल.

वसईचा_गिटारवाला

जॉर्ज मायकल. बाकी सगळं नंतर.

वसईत आमच्या वाडीतल्या लग्नांमध्ये बँड 'केअरलेस व्हिस्पर' वाजवतोच वाजवतो. सॅक्सोफोनची ती सुरुवात झाली की म्हातारी माणसंसुद्धा खुर्चीतून उठतात. सतराव्या वर्षी त्याला ती चाल बसमध्ये सुचली म्हणे. माझे बाबा सॅक्स वाजवायचे, बँडमध्ये, आणि हे गाणं आलं की डोळे मिटायचे, मी बाजूला रिदम गिटार धरून त्यांच्याकडे बघत राहायचो कारण कुठे थांबणार हे फक्त त्यांच्या भुवयांवरून कळायचं. २५ डिसेंबर २०१६, आम्ही मिडनाइट मासनंतर झोपून उठलो, दिवसभर सण झाला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेल्याची बातमी आली. बाबांनी सॅक्स काढला, गॅलरीत गेले आणि फक्त सुरुवातीचा तुकडा वाजवला. त्याचं 'लास्ट ख्रिसमस' आलं १९८४ मध्ये, पण ब्रिटनमध्ये त्याला पहिला नंबर मिळाला थेट २०२१ च्या जानेवारीत, ते बघायला तो नव्हता.

आणि केट बुश! १९७८, 'वदरिंग हाइट्स', एकोणीस वर्षांची. स्वतः लिहिलेल्या गाण्यावर ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेलेली पहिली बाई.

जुना_रेडिओ

गाणी इंग्लिश खाडी ओलांडून इकडची तिकडे गेली म्हणता ना, मग सगळ्यात मोठा प्रवास 'कॉम दाबित्यूद'चा. क्लोद फ्रान्स्वाचं, १९६७, एकत्र राहून राहून शिळं झालेलं प्रेम, सकाळी उठणं, पांघरूण घालणं, कॉफी, सगळं नेहमीसारखं. लंडनमध्ये त्यावर इंग्रजी शब्द लिहायला दिले एका नवख्या पोराला, त्याचे शब्द नाकारले गेले. मग पॉल अँकाने वेगळे लिहिले आणि अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राचं 'माय वे' झालं. नाकारलेला पोरगा म्हणजे डेव्हिड बोवी. त्या सलातून त्याने 'लाइफ ऑन मार्स' लिहिलं, १९७१ ला आलं. एका गाण्याच्या पोटी दोन गाणी. मला तिन्हींमध्ये फ्रेंचच जास्त खरं वाटतं, सिनात्राची क्षमा मागून. 'माय वे'मध्ये माणूस आयुष्याचा हिशेब छाती काढून सांगतो, मूळ गाण्यात तो फक्त तिला थंडी वाजेल या भीतीने तिच्या अंगावर पांघरूण ओढतो.

कॅसेटवाली

सगळ्यांना काय म्हणू, दोन दिवस नुसती ऐकतेय. लिऑनची_माहेरवाशीण, तेच गाणं आहे ते. ट्रम्पेट आला तेव्हाच कळलं. माझ्या कॅसेटवर जिथे तुटतं तिथे मी सवयीने थांबले आणि गाणं पुढे गेलं, ती परत बोलायला लागली, परत गायला लागली, आणि मी स्वयंपाकघरात ओटा धरून उभी.

माझ्याकडून जेन बर्किन लिहिते, कारण ती तर दोन्ही काठांची. लंडनमध्ये १९४६ ला जन्मली, पॅरिसला गेली आणि २०२३ मध्ये तिथेच गेली. पन्नासेक वर्षं फ्रेंचमध्ये गायली पण इंग्रजी वळण शेवटपर्यंत उच्चारांत राहिलं आणि फ्रेंच लोकांनी त्या वळणावरच प्रेम केलं. माझी सासू बेळगावची, चाळीस वर्षं पुण्यात राहून मराठीत कानडी हेल जसाच्या तसा, आणि आम्हाला तो हेलच तिचा वाटायचा, म्हणून मला बर्किनचं हे फार जवळचं वाटतं. तिचं आणि गेन्सबूरचं 'ज तेम' १९६९ मध्ये बीबीसीने वाजवायला नकार दिला तरी ब्रिटनमध्ये पहिलं आलं. पण मला तिची नंतरची हळू गाणी आवडतात, आवाज जवळजवळ विरत चाललेली.

आज मामाला फोन लावला. एक्क्याऐंशी वर्षांचा आहे आता, कान मंद झालेत, मामी फोन त्याच्या कानातल्या मशीनजवळ धरते. मी म्हटलं मामा, मार्सेयच्या बाजूचं शेवटचं गाणं सापडलं, आणि लावलं. पूर्ण ऐकलं त्याने. मग म्हणाला, हे अर्धं राहिलं कारण रेडिओ ऑफिसरच्या केबिनमध्ये रेकॉर्ड करत होतो आणि निघायचा भोंगा झाला, मला खाली इंजिनरूमला पळावं लागलं. मी म्हटलं टेप संपली ना रे? म्हणाला नाही, बघ, पुढे अजून दोन बोटं टेप असेल.

कॅसेट काढून बघितली. आहे.